कंपनीचा माणूस

अंबड, रविवार, ४ नोव्हेंबर २००१

चि. वसंता यास अक्काचे आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, असं लिहायची गरज नाही. कारण परवा ट्रान्सपोर्टवाल्याने माझ्या दारात आणून टाकलं. दोन सोलरच्या प्लेटा, एक लाल-हिरव्या दिव्यांची डबी, एक इन्व्हर्टर, वायरचं भेंडोळं आणि चार पानी इंग्रजी कागद. आत आबांसाठी मराठीत एक ओळ नाही. सहा वर्षं तू या घराचा उंबरा ओलांडला नाहीस, आणि आता स्वतःऐवजी काचा पाठवतोस.

फोन कर म्हणशील. एसटीडी बूथवर तू तीन मिनिटं "हो अक्का, बघतो अक्का" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर तुला तसं निसटता येत नाही, म्हणून पत्र.

तुला उन्हाळ्यात लिहिलं होतं तेच परत लिहिते. आबांचा दमा वाढलाय. डॉक्टरांनी औषधाची वाफ देणारं मशीन घ्यायला लावलं. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, चुकवायचं नाही. मशीन चालतं विजेवर, आणि अंबडची वीज चालते स्वतःच्या मर्जीवर. बरं, आबा घरी बसतील तर शपथ. कारखान्याचं गाळप सुरू झालं की यांची ती चाकांवरची खोली निघाली अंकुशनगरला. तू गेल्यावर बांधलीय त्यांनी ती. मोडीत निघालेली ट्रॉली घेऊन तिच्यावर पत्र्याची खोली उभी केली, आत खाट, स्टोव्ह, हत्यारांचा खण. ऊस संपेपर्यंत कारखान्याच्या यार्डात मुक्काम ठोकायचा आणि ट्रॅक्टरचे डायनमो, सेल्फ, दिवे दुरुस्त करत बसायचं. वय सत्तरीच्या पुढे. "एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं बॅटऱ्या वागवल्या, आता खाटंवर बसून माश्या हाणू का?" असं विचारतात.

म्हणजे मी काय करते ते ऐक. शाळेच्या आधी जीपने अंकुशनगर, त्यांना अंबडला आणायचं, वाफ द्यायची, परत सोडायचं. शाळा सुटली की पुन्हा तेच. वीज गेलेली असली तर डॉक्टरांच्या दवाखान्यात जनरेटर सुरू व्हायची वाट बघत बसायचं. मी शाळेत दुसरीच्या पोरांना पाढे शिकवते की जीपची कंडक्टर आहे, हे आता मलाच कळेनासं झालंय.

तेव्हा प्लेटा पाठवल्यास ते चांगलंच केलंस. ट्रॉलीतच वीज झाली तर ते आपली वाफ आपण घेतील. पण जोडणार कोण? तू इतकी वर्षं पुण्यात हेच काम करतोस. दोन दिवस येऊन जोडून दिलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं?

आईच्या दहाव्याला आबा तुला चारचौघांत "पाहुणे आले का?" म्हणाले. ते बोलायला नको होतं, हे मी तेव्हाही म्हणाले. पण तूही मयतीला पोचला नव्हतास, आणि भरल्या ताटावरून उठून गेलास. दोघांचंही चुकलं. मधल्यामध्ये ताट मी उचललं.

कळावे.
अक्का


अंबड, रविवार, १८ नोव्हेंबर २००१

चि. वसंता,

प्लेटा लागल्या. पाडव्याचा मुहूर्त धरला होता.

इंग्रजी कागद मी रात्रभर डिक्शनरी घेऊन मराठीत उतरवला. आबांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "कागद वाचून वायरी जोडत न्हाईत" म्हणाले. तुझं नाव ते घेत नाहीत हे तुला माहीतच आहे. खोक्याला ते "पुण्याचा माल" म्हणतात. पण पुण्याचा माल त्यांनी असा काही पुसून ठेवला होता की आईने पितळेची समईसुद्धा तशी कधी पुसली नसेल.

ट्रॉलीच्या छतावर अँगलची चौकट वेल्ड केली, तिच्यावर दोन्ही प्लेटा. खाली डबी, डबीतून ट्रॅक्टरची नवी बॅटरी, बॅटरीतून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर वाफेचं मशीन. तुझ्या कागदात होतं तसंच. शेजारी ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम आणि त्यांची कांताबाई राहतात. ती तिथेच चहाची चूल मांडते. तिने नारळ फोडला. मशीन फरफर चालू झालं आणि यार्डातले दहा-बारा ट्रॅक्टरवाले बघायला जमले. आबा तोंडाला मास्क लावून राजासारखे बसले होते.

आणि हो, पुंजाराम पेंटरला बोलावून त्यांनी काचांवर नाव टाकून घेतलं. आपल्याकडे ट्रॉलीला नाव असतं ना, मागच्या फळक्यावर, तसं. फळक्यावर का नाही, तर म्हणे फळका मागून येणाऱ्याला दिसतो, काच वरच्याला दिसते. एका काचेच्या खालच्या कडेला नाव, दुसरीवर तशीच वेलबुट्टी. पांढरा ऑइलपेंट, त्याला लाल सावली. दिसतं छान. कुणाचं नाव ते विचारू नकोस, देवीचंच समज.

आता मी जरा झोपणार आहे.

अक्का


अंबड, रविवार, २ डिसेंबर २००१

चि. वसंता,

झोप झाली. चार दिवस.

पाचव्या दिवशी इन्व्हर्टरने बोंब मारायला सुरुवात केली. वाफ अर्ध्यावर आली की टीं टीं टीं, आणि मशीन बंद. बॅटरी उतरली. एका गिऱ्हाइकाने ट्रॅक्टर चालू ठेवून बॅटरी भरून दिली, की पुन्हा चार दिवस. म्हणजे तुझ्या प्लेटा काही भरत नाहीत, ट्रॅक्टरवाले भरतात. लोक आता विचारतात, "काय बद्रीनाथराव, आज उन्हावर का डिझेलवर?" आबांना ते किती लागतं, तुला सांगायला नको. ज्याच्याकडे सगळा यार्ड बॅटऱ्या घेऊन येतो त्याचीच बॅटरी उपाशी.

त्यांनी काय काय केलं याची यादी देते, म्हणजे तू परत तेच सुचवणार नाहीस. बॅटरीचं पाणी बदललं. टर्मिनल घासले. वायर तुझी होती ती काढून जाड घातली. डबी उघडली, बघितली, बंद केली. मीटर लावून काचांचे व्होल्ट मोजले आणि मला यार्डातून हाक मारली, "व्होल्ट बराबर हायेत, पर करंट येऊन न्हाई राह्यला. रांजण मोठा दिसतो, पाणी गुडघ्याएवढं."

मला त्यातलं कळत नाही. मला एवढं कळतं की मी पुन्हा जीपमध्ये आहे.

उलट टपाली लिही. कंपनीच्या छापील कागदावर नको, हाताने लिही.

अक्का


अंबड, रविवार, १६ डिसेंबर २००१

चि. वसंता,

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलंस, बरं वाटलं. अक्षर अजून कोंबड्याच्या पायाचंच आहे.

"प्लेटांचं तोंड दक्षिणेकडे हवं, तुम्ही कुठे केलंय?" असं विचारलंस. पूर्वेकडे केलंय. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून. आणि दक्षिणेकडे का नाही, तर तुला आपल्या घरात वाढूनही हे विचारावं लागतं याचं मला नवल वाटतं. दक्षिणेकडे तोंड करून आईने आपल्याला कधी घासभर जेवू दिलं होतं का? दिव्याची वातसुद्धा तिकडे वळू देत नव्हती.

मी तुझा निरोप वाचून दाखवला. आबा म्हणाले, "मी दम्याचा मानूस, आन यमाकडं तोंड करून मशीन ठिवू? बोलवनं धाडल्यासारखं?"

त्यावर आमचं तीन दिवस चाललं. मी म्हटलं, विज्ञान आहे. ते म्हणाले, असंल. मी म्हटलं, ज्याने माल पाठवला तो सांगतो. ते म्हणाले, माल पाठवनाऱ्यानं येऊन बघावं. मी म्हटलं, मग तसं लिहू का त्याला? तर खाटेवरून उठून गेले. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता ते माझ्या तोंडाने, आणि शिव्या खाते मी. टपाल खात्याला निदान तिकीट तरी मिळतं.

शेवटी निकाल लावला कांताबाईने. ती चहा गाळता गाळता म्हणाली, "आबा, यम येईन तर दारातून येईन. छपरावरून यायला ते काय माकड हाय का?" आबा हसले, हसताना खोकले, आणि दुसऱ्या दिवशी चौकट कापून दक्षिणेला वळवली. ट्रॉलीचं दार मात्र पूर्वेलाच ठेवलंय, यमाची गैरसोय व्हावी म्हणून.

आता बॅटरी चारऐवजी सहा दिवस टिकते. म्हणजे यमाने दोन दिवस वाढवून दिले. पण भरत नाहीच.

पुढचं सांग.

अक्का


अंबड, रविवार, ३० डिसेंबर २००१

चि. वसंता,

तू विचारलंस, काचेवर कशाची सावली पडते का, झाड, खांब, काही? झाड नाही. खांब नाही. मग काचेवर काही चिकटलंय का? मग मला तो पेंट आठवला आणि मी तो तुला मागेच लिहिला होता हेही आठवलं. तू माझी पत्रं नीट वाचत नाहीस.

तू समजावलंस ते मी वर्गात समजावावं तसं आबांना समजावलं. काचेच्या आत छोट्या छोट्या टिकल्या आहेत, त्या एकीला एक जोडलेल्या आहेत, शेतातल्या अरुंद पांदणीत एकामागे एक बैलगाड्या असाव्यात तशा. एक गाडी रुतली की मागच्या सगळ्या अडतात. पेंट चार बोटं रुंद असला तरी खालची अख्खी रांग झाकली गेली, मग वर कितीही ऊन पडो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना ते माझ्याआधी पटलं, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं. तीस वर्षं वायरिंग केलेला माणूस आहे. स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

मी म्हटलं, चला, आणा ब्लेड. तर नाही म्हणाले.

वेलबुट्टी खरवडली, तीसुद्धा निम्मी. नावाला हात लावू देत नाहीत. "दुसऱ्या काचंवर भागवू" म्हणतात. एका काचेवर आणि वेलीच्या राहिलेल्या पानांवर भागत नाही, हे त्यांनाही कळतं. तू लिहिलंस, "देवीला सांग, माफ कर, आणि खरवडून टाक, त्यात काय एवढं." एवढं सोपं असतं तर मी केलं असतं. ते झोपले असताना मी शिडी लावून वर चढले होते. ब्लेड टेकवलं आणि माझ्याच्याने झालं नाही.

का झालं नाही ते आत्ता लिहीत नाही. तुला राग येईल किंवा रडू येईल, आणि दोन्ही मला इथून आवरता येणार नाही.

अक्का


अंबड, बुधवार, ९ जानेवारी २००२

वसंता,

आज मायना नाही. माझं डोकं ठिकाणावर नाही.

शनिवारी ऑर्डर आली. मला मुख्याध्यापिका केलंय. भोकरदन तालुक्यातल्या एका गावची शाळा, सातवीपर्यंत. एक फेब्रुवारीपर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर नकार लिहून द्यायचा. आई आजारी होती तेव्हा मी एकदा नकार लिहून दिलाय. दुसऱ्यांदा दिला तर तिसऱ्यांदा कुणी विचारणार नाही. सासरहून परत आले त्याला चौदा वर्षं झाली, वसंता. चौदा वर्षांत माझ्या नावाचं एवढं एकच काही आलंय, आणि ते मला हवंय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतेय. मला ते फार हवंय.

अंबडपासून ते गाव दोन एसट्या बदलून जायचं. तिथून सकाळ-संध्याकाळ वाफ द्यायला येता येणार नाही. म्हणजे ट्रॉलीतली वीज बरोबर चालली तर मी जाणार, नाहीतर नाही.

परवा, सोमवारी दुपारी, आबांचा श्वास अडकला. मी शाळेत. त्यांनी मशीन लावलं, आणि दोन मिनिटांत ते टीं टीं करून बंद पडलं. कांताबाई सांगते, ओठ निळे पडले होते. तिच्या नवऱ्याने उसाच्या ट्रॅक्टरवर बसवून त्यांना अंबडला आणलं, मागे ऊस भरलेली ट्रॉली तशीच लटकलेली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास लागला असता तर माझ्याकडे आणायचं कारणच उरलं नसतं. आता बरे आहेत. आजच पुन्हा यार्डात गेले. अडवणार कोण?

दवाखान्यातच मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, चार अक्षरांपायी जीव देता का? ते वळून भिंतीकडे बघत म्हणाले, "लिव्हल्यालं नाव मानूस गेल्यावर पुसतेत, कौसल्या. जित्या मानसाचं नाव खरवडत न्हाईत."

कळलं का तुला? ते देवीचं नाव नाही. मी खोटं लिहिलं. काचेवर "चि. वसंता" लिहिलंय. पांढऱ्या रंगात, लाल सावली देऊन. यार्डात सगळ्यांच्या ट्रॉल्यांवर पोरांची नावं असतात, तसं. सहा वर्षं जे नाव तोंडातून काढलं नाही ते पुंजारामला सांगताना त्यांना काय वाटलं असेल ते मला माहीत नाही, मी तेव्हा चहा आणायला गेले होते. परत आले तेव्हा पहिलं अक्षर झालं होतं.

तुला लिहिलं नाही, कारण मला वाटलं तू हसशील. किंवा तुला वाटेल की हे मीच रचलंय, तुला बोलवायला. तुझा काय भरवसा, तुला तसंही वाटेल.

आता तुला माहीत आहे. काय करायचं ते कर.

अक्का


अंबड, बुधवार, १६ जानेवारी २००२

वसंता,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. संपूर्ण मजकूर असा: "अक्का, कंपनीचा माणूस पाठवतो. काळजी करू नये. वसंत."

मी ते कार्ड तीनदा वाचलं. मागे काही राहिलंय का म्हणून उलटून बघितलं. मागे माझा पत्ता होता.

मी तुला काय लिहिलं होतं आणि तू काय पाठवतोस? माणूस? माणसं इथे काय पिकत नाहीत का? जालन्याच्या स्टेशनबाहेर हाक मारली तर चार वायरमन धावत येतील. प्रश्न वायरचा नव्हता, हे तुझ्या डोक्यात शिरायला आता मी पेंटरकडून कुठे लिहून घेऊ?

तुला शिक्षण दिलं, डिप्लोमा दिला, आईने गळ्यातली पोत मोडली त्यासाठी. आबा म्हणाले होते, ऊन विकून कुणी पोट भरत नाही, आणि तू भरून दाखवलंस. जिंकलास. आता तरी खाली उतर. ते उतरणार नाहीत. त्यांना उतरता येत नाही, त्यांना फक्त पेंटर बोलावता येतो. तुला येईल असं मला वाटलं होतं. मीच मूर्ख.

असो. तुझ्या माणसाला सांग, २२ ते २४ तारखेला मी जालन्याला ट्रेनिंगला आहे. तेव्हा आबांना मुकादम दवाखान्यात ने-आण करतील. त्या दिवसांत तो आला तर मी भेटणार नाही. आबा तिरसट बोलतील, त्याने मनावर घेऊ नये. आणि नावाला त्याने हात लावला तर ते पाना फेकून मारतील. कंपनीने त्याचा विमा उतरवलेला असावा.

३१ तारखेला मी नकार लिहून देणार आहे. कोरा कागद काढून ठेवलाय.

कौसल्या


ता. भोकरदन, रविवार, ३ फेब्रुवारी २००२

चि. वसंता यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता वाचलास का? मी रुजू झाले. मुख्याध्यापकाच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मागच्या साहेबांनी भूगोलाचं पुस्तक घातलंय. मी ते काढलं आणि वीट घातली. आत्तापर्यंत एवढाच कारभार केला.

आता तुमच्या दोघांच्या लबाडीकडे वळते.

२४ ला संध्याकाळी ट्रेनिंगहून थेट यार्डात गेले. मशीन चालू होतं. डबीवर हिरवा दिवा, असा हिरवा की मी जवळ जाऊन बघितला. आबा मास्क लावून बसलेले. मी विचारलं, काय झालं? तर मास्क न काढताच म्हणाले, "कंपनीचा मानूस आल्ता. करून गेला."

वर चढून बघितलं. काच कोरी करकरीत. नाव नाही, वेल नाही, एक ठिपका नाही. मी खाली उतरले आणि विचारलं, नाव कुणी पुसलं? म्हणाले, "त्यानंच." आणि तुम्ही पुसू दिलं? म्हणाले, "काम जानत व्हता." त्याचं नाव काय? म्हणाले, "इचारलं न्हाई."

दोन दिवसांनी तुझं कार्ड. "अक्का, आमचा माणूस काम करून गेल्याचे कळले. प्लेटा ठीक आहेत. वसंत." तुला कळले! कुणाकडून कळले रे?

मी बावळट, मला पटलं. मला वाईटही वाटलं. वाटलं, अखेर एक परका आला, पोराचं नाव खरवडून गेला, आणि बापाने त्याला ते करू दिलं. म्हणजे आबांनी तुला सोडलं. कार्ड आलं त्याच संध्याकाळी यार्डातून निघताना मी कांताबाईच्या चुलीपाशी बसले आणि मला रडू आलं. तिला म्हटलं, तुम्ही तरी अडवायचं होतं त्या माणसाला.

तिने केटली चुलीवरून खाली उतरवली. मग म्हणाली, "अवो बाई, कंपनीचा मानूस दोन दिस राह्यला हितं. खाली पोत्यावर निजला. सांजच्याला म्हाताऱ्याचे पाय चेपून देत व्हता. आमी म्हनलं, लईच चांगली कंपनी हाय."

पुढचं तिने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुला कळेल की मला सगळं ठाऊक आहे. पहिल्या दिवशी तुम्ही दोघं वायरींबद्दलच बोललात, आणि तू त्यांना "काका" म्हणालास. काका! दुसऱ्या दिवशी सकाळी तू ब्लेड घेऊन शिडी चढलास. आबा मागोमाग चढले, दम लागलेला, आणि तुझा हात धरला. कांताबाई खाली केटली घेऊन उभी. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. जित्या मानसाचं हाये." आणि तू म्हणालास, "ज्याचं नाव हाये त्यानं सोताच्या हातानं पुसलं, तर चालतंय."

कांताबाई म्हणते, आबांनी हात सोडला नाही. पण आवळलाही नाही. तसाच मनगटावर ठेवला, आणि तू खरवडत राहिलास. सगळं निघेपर्यंत.

तिला अजून कळलेलं नाही तू कोण ते. मी सांगितलं नाही. तुम्ही दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलंत, एकीला तरी मी बनवते.

मी तुझ्यावर किती चिडले आहे ते कागदावर मावणार नाही. बरोबर मी ट्रेनिंगला असतानाचे दिवस धरून आलास. तारखा मीच पुरवल्या. एक तास थांबला असतास तर मी तुला बघितलं असतं. केस पिकलेत का तुझे? कांताबाई म्हणते, थोडे कानाजवळ. हे मला चहावालीकडून कळावं? आणि माझा नकाराचा कागद? तू तिकडे पाय चेपत होतास आणि मी इकडे "सविनय नकार" असं तीनदा खोडून लिहीत होते. तो कागद फाडताना मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

आबांना मी काहीच म्हणाले नाही. त्यांना कंपनीचा माणूस हवाय तर असू दे कंपनीचा माणूस. ३१ ला ते मला सोडायला अंबडच्या स्टँडवर आले. वाफ घेऊन आले होते, स्वतःची स्वतः. माझी ट्रंक त्यांनी टपावर चढवू दिली नाही, आत ठेवायला लावली. कंडक्टरशी त्यावरून भांडले. एसटीच्या माणसाला एसटीचे नियम शिकवू नका म्हणाले. मग गाडी सुटायची वेळ झाली आणि ते खिडकीखाली उभे राहिले, दुसरीकडे बघत.

म्हणाले, "त्या कंपनीला येक पत्र लिव्ह."

मी म्हटलं, काय लिहू?

"दरसाली सर्विसिंग लागती म्हनाव. गाळप सुरू व्हायच्या टायमाला. दिवाळीच्या आसपास."

मी म्हटलं, बरं.

गाडी हलली. ते दोन पावलं बरोबर चालले, खिडकीच्या गजाला धरून, आणि चालता चालता म्हणाले, "मानूस तोच धाडा म्हनाव. दुसरा आला तर मी हात लावू देनार न्हाई."

तर मी लिहिलं. कंपनीचा दुसरा पत्ता माझ्याजवळ नाही.

तुझी अक्का